क्षयाची लस : आशा आणि कसोटी

कोरेगांव तालुक्यांतील वाठार हें आज पुणें-मिरज लोहमार्गावरील एक लहानसें स्टेशन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग सुरू झाला, तेव्हां महाबळेश्वर-पांचगणीस जाणारे लोक येथें उतरत आणि टांग्यानें वाईस जाऊन पसरणीचा घाट चढत. पांचगणीची थंड, कोरडी हवा छातीच्या विकारांवर गुणकारी, असा त्या काळीं लौकिक होता. १९१२ सालीं डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनीं तेथें 'बेल-एअर' हें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढलें. याच लोहमार्गावर दक्षिणेस मिरज लागतें. तेथें डॉ. विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारलें, आणि पुढें मिरज व सांगली यांच्या दरम्यान वानलेसवाडींत क्षयरोग्यांसाठीं स्वतंत्र आरोग्यधाम निघालें.

याच लोहमार्गानें दुसऱ्या तऱ्हेचे उतारूही येत. सातारा जिल्ह्यांतील हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत पोट भरावयास जात. कोंदट चाळी, एकेका खोलींत दाटीनें राहणारीं माणसें, दीर्घ काळाचें काम आणि अपुरें अन्न. क्षयाला याहून सोईची जागा कोणती असणार? शरीर खंगलें कीं असा मनुष्य गांवीं परते, आणि त्याच्याबरोबर रोगाचे जंतुही त्याच्या घरांत शिरत. वैद्य आणि डॉक्टर दोघेही त्याला एकच उपाय सांगत : मोकळी हवा, दूधदुभतें आणि पूर्ण विश्रांति. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या घराचा निर्वाह चाले, त्या घराला हे तिन्ही उपाय सारखेच दुर्लभ होते. श्रीमंताला हवापालट शक्य होता; गरिबाच्या उपयोगी पडेल असा उपाय एकच, तो म्हणजे रोग होण्यापूर्वींच टोंचतां येईल अशी स्वस्त लस. या लसीच्या शोधाला आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत.

रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं क्षयाचा जंतु दाखवून दिला. रोग आनुवंशिक नसून सांसर्गिक आहे, हें त्यामुळें निश्चित झालें. पुढें १८९० सालीं याच शास्त्रज्ञानें 'ट्युबर्क्युलिन' नांवाचें द्रव्य क्षयावर औषध म्हणून जाहीर केलें. जगभरांतून रोगी बर्लिनकडे धांवले. परंतु थोड्याच महिन्यांत अनेकांची प्रकृति सुधारण्याऐवजीं बिघडली, आणि तें औषध निरुपयोगी ठरलें. रोगाची लागण ओळखण्यापुरता ट्युबर्क्युलिनचा उपयोग मागें उरला. कॉखसारख्या थोर संशोधकाचा शब्दही प्रयोगाची जागा घेऊं शकत नाहीं, हा धडा या रोगाच्या इतिहासांत असा आरंभींच मिळाला.

लसीची परीक्षा केव्हां सोपी असते आणि केव्हां अवघड, हें मुंबईच्या प्लेगावरून कळतें. १८९६ सालीं ही सांथ मुंबईंत आली आणि पुढच्या वर्षीं दक्षिणेकडे पसरली. सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यांत रोग्यांची शुश्रूषा करीत असतां याच सांथींत १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत प्लेगाची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांना टोंचली. प्लेग कांहीं दिवसांतच आपला बळी निवडतो. त्यामुळें लस घेतलेले आणि न घेतलेले यांतील अंतर लवकरच उघड झालें. क्षयाची गोष्ट निराळी. त्याचा जंतु शरीरांत शिरून वर्षानुवर्षें निपचित पडून राहतो, आणि ज्यांच्या शरीरांत तो शिरतो त्यांपैकीं बहुतेकांना उभ्या जन्मांत रोग होत नाहीं. अशा रोगावरील लस उपयुक्त आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास हजारों माणसें आणि कित्येक वर्षें लागतात.

फ्रान्समध्यें लील येथें आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या दोघांनीं १९०८ सालीं गाईच्या क्षयाचा जंतु घेतला, आणि पित्त व बटाटा यांच्या खाद्यावर तो पुनःपुन्हां वाढविण्याचें काम आरंभिलें. महायुद्धांत शहर शत्रूच्या ताब्यांत गेलें, तरी हा उद्योग थांबला नाहीं. तेरा वर्षांत २३० वेळां नव्या खाद्यावर लावल्यानंतर त्या जंतूची रोग उत्पन्न करण्याची शक्ति नाहींशी झाली. त्यांच्या नांवावरून बी. सी. जी. म्हणून ओळखली जाणारी ही लस १९२१ सालीं पॅरिस येथें प्रथम एका बालकास देण्यांत आली. १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक शहरीं तिच्यांत क्षयाचे जिवंत, मारक जंतु मिसळले गेले आणि सुमारें अडीचशें बालकांपैकीं बहात्तर दगावलीं. दोष लसीचा नसून प्रयोगशाळेंतील हलगर्जीपणाचा होता, हें चौकशींत सिद्ध झालें. तथापि लोकांच्या मनांतील भय जावयास फार दिवस लागले.

हिंदुस्थानांत ही लस १९४८ सालीं मदनपल्ली येथें प्रथम टोंचण्यांत आली, आणि त्याच वर्षीं मद्रासजवळ गिंडी येथें ती तयार करण्याची प्रयोगशाळा निघाली. मोहीम वाढत गेली तसा विरोधही झाला. १९५५ सालीं चक्रवर्ति राजगोपालाचारी यांच्यासारख्या वजनदार पुढाऱ्यानें तिच्याविरुद्ध उघड आवाज उठविला. निरोगी मुलाच्या अंगांत जिवंत जंतु कां घालावयाचे, आणि त्याचा लाभ या देशांत सिद्ध झाला आहे काय, असे प्रश्न विचारले गेले. यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं कोणापाशींच नव्हतें.

याच काळांत औषधांनीं मात्र मोठी क्रांति घडविली. मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या एका अभ्यासानें असें दाखविलें कीं, नियमित औषध घेणारा रोगी आपल्या गरीब घरांत राहूनही आरोग्यधामांतील रोग्याइतकाच बरा होतो. पांचगणीच्या हवेचें महत्त्व त्या दिवसापासून उतरलें, आणि कोरेगांवच्या गिरणी-कामगाराला प्रथमच खरा उपाय मिळाला. परंतु औषध रोग ओळखल्यावर सुरू होतें, आणि तोंवर रोग्यानें घरांतल्यांना संसर्ग दिलेला असतो. म्हणून लसीची गरज कायम राहिली.

बी. सी. जी.ची खरी कसोटी मद्रासजवळ चिंगलपट जिल्ह्यांत झाली. १९६८ ते १९७१ या काळांत अडीच लाखांवर लोकांना तेथें चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनें निवडून, कोणास लस तर कोणास केवळ निरुपद्रवी द्रव टोंचण्यांत आला. कोणास काय मिळालें हें टोंचणारासही ठाऊक नव्हतें. ब्रिटनमधील शाळकरी मुलांवरील अशाच प्रयोगांत लसीनें पाऊणपट रोग टाळला होता. तेव्हां येथेंही तसेंच घडेल अशी सर्वांची अपेक्षा होती. १९७९ सालीं साडेसात वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हां फुप्फुसाच्या क्षयापासून या लसीनें मुळींच संरक्षण दिलें नव्हतें असें आढळलें. हा निर्णय कटु होता. पण तो लपविला गेला नाहीं, हें त्या संशोधकांना भूषणावह आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्व शरीरांत पसरणारा क्षय यांना ही लस चांगला आळा घालते, हें इतर अभ्यासांवरून निश्चित झालें, आणि म्हणूनच ती आजही नवजात बालकांना दिली जाते.

एकच लस एका देशांत यशस्वी आणि दुसऱ्या देशांत निष्फळ कां व्हावी? यावर एक उपपत्ति अशी मांडतात कीं, उष्ण देशांत माती आणि पाणी यांत क्षयजंतूचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद असतात. त्यांच्याशीं शरीराचा परिचय अगोदरच झालेला असल्यानें लसीचें काम झांकून जातें. या भाऊबंदांचा उपयोग करण्याचाही प्रयत्न झाला. कुष्ठरोगाचा जंतु क्षयजंतूचा जवळचा आप्त. मुंबईस परळ येथें गोमंतकीय शास्त्रज्ञ डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत १९५८ सालीं कुष्ठरोग्याच्या शरीरांतून एक जंतु वाढविण्यांत आला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आय. सी. आर. सी. जंतु म्हणून प्रसिद्ध झाला, आणि पुढें डॉ. माधव देव यांनीं त्यापासून कुष्ठरोगावर लस केली. दिल्लीस डॉ. प्राण तलवार यांनीं अशाच दुसऱ्या एका जंतूवर काम केलें. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखालीं दक्षिण भारतांत १९९१ पासून सुमारें पावणेदोन लाख लोकांवर या लसी एकमेकींशेजारीं पारखल्या गेल्या. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत परळच्या लसीनें ६५.५ टक्के संरक्षण दिलें, बी. सी. जी.नें ३४.१ टक्के, आणि दिल्लीच्या लसीनें २५.७ टक्के. चारही बाजूंनीं पारखलेलें असें यश या क्षेत्रांत विरळाच.

आतां क्षयाच्या नव्या लसीचा एक धागा पुन्हां त्याच लोहमार्गाच्या टोंकाशीं, पुण्यांत, येऊन पोंचला आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेंत स्टेफान कॉफमान यांनीं बी. सी. जी.च्या जंतूंत फेरफार केला. त्यांतील एक गुणसूत्रांश काढून टाकला आणि दुसऱ्या एका जंतूचा अंश त्यांत घातला, हेतु हा कीं शरीराच्या संरक्षक पेशींना शत्रूची ओळख अधिक चांगली पटावी. व्ही. पी. एम. १००२ नांवाची ही लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनें पुढें नेली. दिल्लीच्या जंतूची लस आणि ही, अशा दोघींची परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें २०१९ सालीं सहा राज्यांतील अठरा केंद्रांत सुरू केली. तींत सुमारें १२,००० निरोगी माणसें घेतलीं, तीं सर्व क्षयरोग्यांच्या घरांतलीं. आणि प्रत्येकावर तीन वर्षांहून अधिक काळ नजर ठेवण्याचें ठरलें. मुंबईहून खोकला घेऊन परतलेल्या कामगाराचीं बायकामुलें ज्या स्थितींत असत, तींच हीं माणसें होत. आफ्रिकेंत एम. ७२ नांवाच्या लसीनें लागण झालेल्या प्रौढांत तीन वर्षांत रोगाचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आणल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तिची मोठी परीक्षा २०२४ सालीं सुरू झाली.

जगांतील दर चार क्षयरोग्यांपैकीं सुमारें एक भारतांत आहे. कोरेगांवच्या सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बालकाच्या दंडावर, देशांतील इतर बालकांप्रमाणेंच, बी. सी. जी.ची खूण उमटते. तिनें त्याचें बालपण बऱ्याच अंशीं सुरक्षित होतें, परंतु तारुण्य होत नाहीं. कमावत्या वयांतील माणसाला वांचवील अशी लस अजून सर्वांच्या हातीं यावयाची आहे. ती येईल तेव्हां तिच्यामागें प्रयोगशाळेंतील बुद्धीइतकेंच, वर्षानुवर्षें घरोघर जाऊन थुंकी तपासणाऱ्या आणि प्रत्येक नांवापुढें खरी नोंद करणाऱ्या माणसांचें श्रेय असेल. गरिबाला खोटी आशा फार महाग पडते. म्हणून त्याच्या लसीची कसोटी सर्वांत कडक असली पाहिजे.