लकडी पूल

मी नागपूरच्या लकडगंजचा. सागाच्या वखारींत बाळपण गेले. म्हणून भाऊबीजेस प्रथम पुण्यास बहिणीकडे गेलो, तो शनिवारवाड्याआधी मुठेवरचा लकडी पूल पाहावयास निघालो. पाहतो तो सगळा दगडी! ढलपीएवढेही लाकूड नाही. मी थोडासा रागावलोच.

भाऊजींनी मग कथा सांगितली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. उरलेसुरले लोक परतू लागले; भरपेठेतून यावयाची त्यांना लाज वाटे. म्हणून नानासाहेब पेशव्यांनी घाईने लाकडी पूल घालून त्यांना आडवाटेने गावात घेतले. दंतकथा म्हणा हवी तर. पण २३ जूनला नानासाहेब स्वतःच पर्वतीवर वारले. तेव्हा कथा खरी असेल, तर पुलास जेमतेम पाच महिने मिळाले. लाकूडच का, हे लकडगंजच्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. आणि ज्यांची वाट पाहिली, त्या परतणाऱ्यांत त्यांचा विश्वासराव नव्हता, भाऊही नव्हते.

पुढे लाकूड गेले, दगड आला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी त्यावरून गेले. कागदोपत्री त्याचे नाव संभाजी पूल. परतताना रिक्षावाल्यास मी मुद्दाम तेच सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे लकडी पूलच ना?”