चिमुकलें एंजिन आणि बॉयलरचा वाद

मोठ्या वस्तूवरून तिची लहान प्रतिकृति होते, असा आपला सामान्य समज असतो. वाफेच्या एंजिनाच्या बाबतींत मात्र इतिहासाचा क्रम उलट आहे. तेथें आधीं खेळणें झालें आणि मग गाडी झाली. १७८४ च्या सुमारास इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत, रेडरूथ या गांवीं, विल्यम मर्डॉक यानें स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी एक तीनचाकी गाडी तयार केली. रात्रीच्या अंधारांत ती फुसफुसत सुटली तेव्हां गांवचे पाद्रीबोवा सैतान आला असें समजून ओरडूं लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गाडी खरी होती. ती बर्मिंगहॅमच्या संग्रहांत जपून ठेवली आहे. मर्डॉकचे धनी बोल्टन आणि वॉट यांना हा उद्योग रुचला नाहीं, आणि तो तेथेंच खुंटला. त्याच परगण्यांतील रिचर्ड ट्रेव्हिथिक यानेंही प्रथम लहान नमुनेच केले. १८०४ सालीं वेल्समध्यें त्याचें मोठें एंजिन रुळांवरून धांवलें, तें त्या नमुन्यांच्या मागून.

पुढें आगगाडी सर्वत्र झाली आणि लहान एंजिन पुन्हां खेळण्याच्या पायरीवर उतरलें. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकांत विलायतेंतील श्रीमंत घरांतून पितळेचीं जीं एंजिनें मुलांना मिळत, त्यांस ‘ड्रिबलर’ म्हणजे लाळगळे असें नांव पडलें होतें. कारण तीं जमिनीवर पाण्याची रेघ सोडीत धांवत. १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं ‘मॉडेल इंजिनियर’ हें नियतकालिक लंडनांत सुरूं केलें, तेव्हांपासून या नादाला शास्त्राची बैठक येऊं लागली. घरांत एक लहानसें लेथ, कानशी, तांब्याचा पत्रा आणि डाख देण्याचें सामान एवढ्यावर आपलें एंजिन आपण घडवावें, अशी हौस असलेला कारकून, शिक्षक व कारागीर यांचा एक वर्गच तयार झाला.

या वर्गापुढें १९२२ च्या सुमारास जो वाद उभा राहिला, तो ‘बॉयलरचें युद्ध’ या नांवानें प्रसिद्ध आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं तांब्याचा बंब होता, त्यांना वादाचा विषय समजण्यास अडचण पडूं नये. बंबांत विस्तव मधल्या नळींत असतो आणि पाणी तिच्या सभोंवार असतें. रेल्वेच्या एंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा निजविलेला बंबच; मात्र त्यांत एका नळीच्या जागीं अनेक नळ्या असतात. १८२९ च्या रेनहिल येथील स्पर्धेंत स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ला जो जय मिळाला, त्याचें मोठें श्रेय त्याच्या बॉयलरांतील पंचवीस नळ्यांना आहे. पण लहान एंजिन विकणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, अडीच इंच रुंदीच्या रुळांवरील एंजिनांत कोळशाची अशी भट्टी समाधानकारक पेटूं शकत नाहीं. तेथें स्पिरिटचा दिवा आणि त्यावर पाण्याच्या नळ्या लावलेलें भांडें, हीच व्यवहार्य रीति होय. नॉर्दॅम्प्टनची बॅसेट-लोक ही नामांकित पेढी या पक्षाची अग्रणी होती.

हें मत अडाण्याचें नव्हतें. त्या पेढीसाठीं आराखडे करणारे हेन्री ग्रीन्ली हे मोठे जाणकार. १९२७ सालीं सुरूं झालेल्या रॉम्नी, हाइद आणि डिमचर्च या पंधरा इंची रेल्वेचीं सुंदर एंजिनें त्यांच्याच बुद्धीचें फळ आहे. शिवाय त्यांच्या पक्षाच्या मतामागें एक खरी अडचण होती. एंजिन सोळाव्या हिश्शानें लहान केलें, तर त्याचें पृष्ठ २५६ पटींनीं घटतें आणि आंतील घनफळ ४०९६ पटींनीं. म्हणजे आंतल्या पाण्याच्या मानानें उष्णता निसटून जाण्यास सोळापट वाव मिळतो. दोन इंची नळी सोळाव्या हिश्शानें लहान केली तर ती एक-अष्टमांश इंचाची होईल. तिच्यांतून धूर कसा जाणार? थोडी काजळी धरतांच ती बुजेल. कोळशाचा खडा, वाफेचा कण, हवेचा झोत हे आपल्या सोयीसाठीं लहान होत नाहींत.

यावर उत्तर दिलें तें एका टोपणनांवाच्या लेखकानें. ‘एल्. बी. एस्. सी.’ हीं ज्या रेल्वेचीं आद्याक्षरें, त्या लंडन, ब्रायटन आणि साउथ कोस्ट रेल्वेंत त्यानें पूर्वीं नोकरी केली होती. मित्रमंडळींत त्याला कर्ली लॉरेन्स म्हणत. त्यानें सर्व नळ्या मापानें आकसण्याचा नाद सोडला. नळ्या थोड्या घेतल्या, पण मोठ्या घेतल्या. वाफ सिलिंडरांत शिरण्यापूर्वीं तिला पुन्हां तापविली. आणि सिलिंडरांतून सुटलेली वाफ धुराड्यांतून नेऊन तिच्याच ओढीनें भट्टी फुलविली. मौज अशी कीं, झडपांच्या हालचालीच्या बाबतींत मात्र तो मोठ्या एंजिनाचा कट्टा अनुयायी होता. खेळणीवाले जेथें आळस करीत तेथें तो काटेकोर, आणि ते जेथें मोठ्याची नक्कल अशक्य म्हणून बसत तेथें तो बेधडक फेरफार करणारा. आम्हांला या वादांतील खरें मर्म येथेंच दिसतें. प्रतिकृतीची निष्ठा आकाराशीं असावी कीं कार्याशीं, हा तो प्रश्न होता. आणि ज्या कोणी मूर्ति, चित्र वा भाषांतर केलें असेल त्याला तो अपरिचित नसावा.

त्याचें ‘आयेशा’ नांवाचें अडीच इंची एंजिन कोळशावर चाललें आणि त्यानें जिवंत माणसें ओढलीं. वादाचा निकाल लेखणीनें लागला असता कीं नाहीं, कोण जाणे; रुळांवर मात्र तो लागला. हळूहळू हौशी मंडळींत कोळशाची भट्टी हीच रूढ झाली.

पुढें लॉरेन्स यांनीं ‘मॉडेल इंजिनियर’मध्यें वर्षानुवर्षें लेख लिहिले. कोणता तुकडा कशांत धरावा, भोंक केव्हां पाडावें, डाख कोठें आधीं द्यावा, हें सर्व घरगुती, थट्टेखोर भाषेंत ते सांगत; आराखडा समजत नाहीं म्हणून मागें राहिलेला मनुष्यही त्यांच्या बोटाला धरून एंजिनापर्यंत पोंचे. कित्येक विद्वानांना त्यांची ती बोली खटकत असे. आमच्या मतें तीच त्यांची मोठी कामगिरी होय. नवशिक्यांसाठीं त्यांनीं साडेतीन इंची रुळांचें ‘टिच’ हें चार चाकांचें लहानसें एंजिन योजिलें. १९६७ सालीं लॉरेन्स वारले. ‘टिच’ मात्र आजही लोक घडवितात. त्याचे बॉयलर त्यांनीं दोन दिले आहेत, एक लहान आणि एक मोठा. कोणता बसवावा, हें घडविणाऱ्यानें ठरवावयाचें.