जाळ लपवणारी दारू

रात्रीच्या लढाईत तोफ डागली की नळीच्या तोंडाशी जाळाचा लोट उसळतो आणि डागणाऱ्याचा ठावठिकाणा शत्रूला कळतो. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ग्वादालकॅनाल बेटाजवळ टासाफारोंगाच्या सागरी लढाईत हेच घडले. अमेरिकी क्रूझरच्या तोफांच्या लखलखाटावर नेम धरून जपानी विनाशिकांनी टॉर्पेडो सोडले. 'नॉर्दम्प्टन' बुडाली, आणखी तीन क्रूझरची वाताहत झाली.

हा मोठा जाळ नळीच्या आत नव्हे, बाहेर पेटतो. दारूच्या तप्त वायूंत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन उरलेले असतात. हवेतील ऑक्सिजन मिळताच ते भडकतात. नळी आखूड आणि दारू सावकाश जळणारी असेल, तर जाळ अधिकच मोठा. म्हणूनच उपाय दारूत शोधला गेला. पोटॅशियमचे क्षार मिसळले की ही ज्वलनसाखळी तुटते. मात्र धूर वाढतो. रात्री जे सोयीचे, तेच दिवसा अडचणीचे! दुसरा मार्ग नायट्रोग्वानिडिनचा. नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरिन यांच्या जोडीला ते घातल्यास नायट्रोजन अधिक सुटतो, वायूंचे तापमान उतरते आणि नळीची झीजही घटते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अशी कॉर्डाइट वापरली.