यंत्राच्या डोळ्याची गोष्ट

कोल्हापूरला कॅमेऱ्याची ओळख जुनी आहे. १९१८ साली बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने याच शहरात चलच्चित्रांचा कॅमेरा तयार केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. पुढे १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाची योजना केली. नुसता कॅमेरा हाती येऊन भागत नाही, प्रकाशही ताब्यात असावा लागतो, हे या माणसांना अनुभवाने उमगले होते.

हीच गोष्ट आज कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कारखानदारासमोर वेगळ्या रूपाने उभी आहे. तेथे बिडाचे ओतीव भाग बनतात, त्यांच्यावर मशीनिंग होते आणि ते मोटारी व ट्रॅक्टरच्या कारखान्यांकडे रवाना होतात. सदोष भाग पुढे गेला तर सबंध लॉट परत येतो. ब्रेकचा भाग असेल तर प्रश्न माणसाच्या जिवाचा होतो. पूर्वी ‘गो’ व ‘नो-गो’ गेज आणि तपासनिसाची नजर यांवर भिस्त असे. पण पाळीच्या सातव्या तासाला नजर पहिल्या तासासारखी राहत नाही. म्हणून कॅमेरा व संगणक यांच्याद्वारे तपासणी करण्याची पद्धत आली.

या पद्धतीचा पाया फार जुना आहे. बसऱ्यात जन्मलेल्या व कैरोत कार्य केलेल्या इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अकराव्या शतकाच्या आरंभी ‘किताब अल-मनाझिर’ हा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्याने खोडून काढले. वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो तेव्हाच ती दिसते, असे त्याने प्रतिपादन केले. या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ साली बाझेल येथे छापले गेले. यंत्राचा प्रत्यक्ष डोळा मात्र बराच उशिरा आला. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी सीसीडी हा प्रकाशग्राही तुकडा शोधला. त्याबद्दल त्यांना २००९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आज कारखान्यांतून बहुतांशी सीमॉस सेन्सर वापरतात.

इतिहासात प्रकाश आधी समजला आणि सेन्सर शेवटी आला. माझ्या मते खरेदीचा क्रमही हाच असावा. प्रत्यक्षात पुष्कळ लोक उलट करतात. आधी महागडा कॅमेरा घेतात आणि मग त्याला काम शोधतात!

आरंभ दोषापासून करावा. समजा, १०० मिलिमीटर रुंदीचा भाग आहे आणि त्यावरील ०.२ मिलिमीटरचे छिद्र पकडायचे आहे. एका छिद्रावर निदान चार पिक्सेल पडावेत असे धरले, तर रुंदीत २००० पिक्सेल लागतात. म्हणजे साधारण पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो; वीसचा घेऊन लाभ नाही. मग प्रकाश. कडा मोजायच्या तर दिवा भागाच्या मागे हवा. ओरखडा शोधायचा तर तिरपा, अगदी खालून येणारा. चकाकणाऱ्या पृष्ठभागासाठी घुमटाकार. यानंतर भिंग. अचूक मापासाठी टेलिसेंट्रिक भिंग घ्यावे, कारण भाग थोडा जवळ-लांब झाला तरी त्याचे आकारमान बदललेले दिसत नाही.

पट्टा सेकंदाला २०० मिलिमीटर धावत असेल आणि शटर एक सहस्रांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात भाग ०.२ मिलिमीटर सरकतो. म्हणजे आपले छिद्रच पुसट होते! म्हणून क्षणमात्र लखलखणारा दिवा व सगळे चित्र एकदम टिपणारा ग्लोबल शटर कॅमेरा लागतो. शिवाय वाळूची धूळ, कूलंटचा फवारा व यंत्रांची थरथर आहेच. बंदिस्त आवरण, घट्ट बसणारे केबल आणि भिंगापुढील पुसता येणारी काच या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंवाचून उत्तम कॅमेराही आंधळा होतो.

पालक विचारतात, यामुळे मुलांच्या नोकऱ्या जातील काय? दिवसभर नुसते भाग न्याहाळण्याचे काम कमी होईल, हे झाकण्यात अर्थ नाही. पण यंत्राला चांगले-वाईट नमुने दाखवून शिकवावे लागते. छिद्र वायूचे की वाळूचे, हे ओळखणारा फौंड्रीतला जाणता माणूसच ते नमुने निवडू शकतो. आयटीआयमधील विद्यार्थ्यांनी एखाद्या कारखान्यात असे यंत्र पाहण्याची संधी मिळाल्यास अवश्य जावे. आणि गेल्यावर कॅमेऱ्याची किंमत विचारण्याऐवजी, रात्रपाळीत ते चांगले भाग किती वेळा नाकारते, हे विचारावे.