बख्शी का तालाब : नाव बदलणारी पेन्शन आणि टिकलेली पेन्शन

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील बख्शी का तालाब हे लखनौ जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण. मोगलकालीन प्रशासनात ‘बख्शी’ म्हणजे सैन्याचे वेतन वाटणारा अधिकारी. सरकारी पैसा कोणाला व कोणाच्या नावाने मिळावा, हा प्रश्न येथे आजही तितकाच जिवंत आहे.

मायावती सरकारने २०१० मध्ये महामाया गरीब आर्थिक मदत योजना आणली. दरमहा ३०० रुपयांची मदत पुढे ४०० रुपये झाली. २०१२ मध्ये सत्तांतर होताच ती बंद पडली. अखिलेश यादव सरकारने प्रथम राणी लक्ष्मीबाई पेन्शन योजना आणि २०१४ मध्ये समाजवादी पेन्शन योजना सुरू केली. तिच्या नावातच सत्तारूढ पक्षाची ओळख होती. दरमहा ५०० रुपये, लक्ष्य ४० लाख कुटुंबांचे. २०१७ मध्ये योगी आदित्यनाथ सरकारने तीही थांबवून लाभार्थ्यांच्या पडताळणीचे आदेश दिले. नाव बदलले की यादी नव्याने होते आणि जुन्या यादीतील कुटुंबाला पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते.

कायद्याचा आणि स्वतंत्र निधीचा आधार असलेल्या योजनेची गत वेगळी असते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचे संरक्षण आणि व्यवसाय कराचे उत्पन्न होते. अनेक सत्तांतरे पचवून ती २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचा आदर्श ठरली. उत्तर प्रदेशची भिस्त मात्र केंद्राकडून येणाऱ्या निधीवर अधिक आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना वाटल्या जाणाऱ्या केंद्रीय करांत त्याला १७.९३९ टक्के, तर महाराष्ट्राला ६.३१७ टक्के वाटा दिला.

केंद्राच्या वाट्यामुळेच वृद्धावस्था पेन्शन टिकून राहिली. हा वाटा ७९ वर्षांपर्यंतच्या वृद्धांसाठी २०० आणि त्यापुढे ५०० रुपये इतकाच. उरलेली भर राज्य घालते. ती किती व केव्हा घालायची, हा राजकीय निर्णय. २०२१ च्या अखेरीस राज्याने एकूण रक्कम ५०० वरून १,००० रुपये केली. विधानसभेचे मतदान पुढच्या फेब्रुवारीत सुरू झाले.

पात्रतेची वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ४६,०८० आणि शहरी भागात ५६,४६० रुपये ठरवण्यात आली. बख्शी का तालाब येथे नगर पंचायत आहे, आसपास ग्रामपंचायती. वर्षाला ५० हजार रुपये मिळवणारा वृद्ध नगर पंचायतीच्या हद्दीत पात्र ठरतो. हद्दीपलीकडच्या गावातला त्याच उत्पन्नाचा वृद्ध ठरत नाही.