मिनामाटाच्या आयांनी जपून ठेवलेली नाळ



आपला भाग समुद्रापासून लांब. आपल्याकडे समुद्र येतो तो आठवडी बाजारात, सुकट-बोंबलाच्या पाटीतून. तरी आज आम्ही समुद्राची गोष्ट सांगणार आहोत, आणि तीही जपानमधली. मागच्या बैठकीत गरोदर बायांच्या आहाराचा विषय निघाला, तेव्हा एकीनं विचारलं होतं, "आईनं खाल्लेलं पोटातल्या बाळाला लागतं का?" या प्रश्नाचं उत्तर मिनामाटा गावच्या आयांनी डॉक्टरांच्या आधी दिलं होतं. ते कसं, ते ऐका.

जपानच्या दक्षिणेला क्युशू बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर मिनामाटा. समोर बेटांनी अडवलेला शिरानुई समुद्र, तळ्यासारखा शांत. कोळी कुटुंबं रोज मासळी खायची. ओहोटीला पोरं शिंपल्या वेचायची. गावात चिस्सो कंपनीचा मोठा कारखाना होता. १९३२ पासून तिथं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनू लागलं. त्यासाठी पारा लागायचा आणि कारखान्याचं सांडपाणी सरळ खाडीत जायचं. त्या पाण्यात पाऱ्याचं एक फार विषारी रूप होतं, मिथाइल पारा. पाण्यातले बारीक जीव तो घेतात, त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. एकेक पायरी चढताना विष वाढत जातं. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही. धुवा, उकळा, वाळवा, तळा, ते जात नाही.

पहिली कळ लागली ती मांजरांना. कोळ्यांच्या घरची मांजरं गोल गोल फिरायची, नाचल्यासारखी झटके द्यायची, काही समुद्रात पडून मरायची. १९५४ साली तिथल्या वर्तमानपत्रात बातमीही आली, की एका वस्तीत मांजरं मेली आणि उंदीर फार झालेत. तेवढ्यावरच ते राहिलं.

एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणलं. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. काही दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीचंही तसंच झालं. त्यांच्या आईनं डॉक्टरांना सांगितलं, शेजारच्या मुलीलाही हेच होतंय. मग घरोघरी जाऊन चौकशी झाली आणि आजारी माणसं सापडत गेली. दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला कळवलं. तोच या रोगाच्या नोंदीचा पहिला दिवस मानतात.

आधी वाटलं, साथीचा रोग आहे. आजाऱ्यांना वेगळ्या वॉर्डात टाकलं, घरांवर औषध फवारलं, शेजाऱ्यांनी येणं-जाणं सोडलं. मासळी विकेना. मासळी विकली नाही की घरात पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे खायला पुन्हा तीच मासळी.

१९५९ च्या जुलैत कुमामोटो विद्यापीठाच्या पथकानं सांगितलं, कारण पारा आहे. कंपनीनं नाकारलं. तिकडे डॉ. होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न मांजरांना घातलं होतं. चारशे नंबरचं मांजर तसंच आजारी पडलं. हा निकाल कंपनीनं बाहेर येऊ दिला नाही. कोळी कारखान्यात घुसले, पण गावातले बाकीचे लोक, अगदी महापौरसुद्धा, सांडपाणी बंद करू नका म्हणून वर विनवायला गेले. अर्ध्या गावाची चूल कारखान्यावर पेटत होती, त्यांना तरी काय म्हणावं? त्याच डिसेंबरात कंपनीनं रोग्यांना थोडे 'सहानुभूतीचे' पैसे देऊन करार केला. त्यात एक कलम होतं: पुढं कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी जादा काही मागायचं नाही. या सगळ्या इतिहासात आम्हाला सगळ्यात जास्त बोचतो तो हा कागद. घरात आजारी पोर आणि समोर पैसे असताना कोण कलम वाचत बसणार!

आता नाळेची गोष्ट. त्या वर्षांत काही बाळं अशी जन्मली की मान धरत नव्हती, गिळता येत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, हा जन्मतःचा मेंदूचा आजार. हारादा मासाझुमी नावाचा तरुण डॉक्टर १९६१ मध्ये वस्तीत फिरत असताना त्याला दोन भाऊ दिसले. दोघांची लक्षणं सारखी. आई म्हणाली, मोठ्याला मिनामाटाचा रोग आहे, धाकट्याला नाही म्हणतात, कारण त्यानं मासा खाल्लेला नाही. पण तो पोटात असताना मी खाल्लाय ना! तेव्हाचं शास्त्र म्हणायचं, वार विष अडवते, बाळापर्यंत जाऊ देत नाही. आया ऐकेनात. पुढं असं एक मूल वारलं, तपासणीत आयांचं म्हणणं खरं निघालं. १९६२ मध्ये सोळा मुलांचा रोग पोटातूनच आल्याचं मान्य झालं. उलट आईच्या अंगातलं विष बाळाकडे जास्त ओढलं जातं, म्हणून काही आया वरून बऱ्याच धडधाकट दिसायच्या.

आपल्याकडे नाळ पुरतात. जपानात गळून पडलेली नाळ वाळवून लहानशा लाकडी पेटीत घरी जपून ठेवायची रीत आहे. हारादांनी घरोघरच्या त्या पेट्या मागून नाळा तपासल्या. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत वाढलं, त्या वर्षांतल्या नाळांत पाराही वाढलेला. कंपनीच्या वहीत नव्हतं ते बायकांच्या फडताळात निघालं.

कारखान्यानं ती पद्धत मे १९६८ मध्ये बंद केली, आणि सरकारनं कारण जाहीर केलं त्याच सप्टेंबरात. पहिल्या नोंदीपासून बारा वर्षं! मधल्या काळात, १९६५ मध्ये, दुसऱ्याच कंपनीच्या सांडपाण्यानं निगाता भागातही हाच रोग निघाला होता. मिनामाटाच्याच इशिमुरे मिचिको या गृहिणीनं रोग्यांच्या घरी बसून त्यांचं दुःख लिहिलं, तिच्या पुस्तकानं देश हलला. १९७३ मध्ये कोर्टात रोगी जिंकले आणि तो जुना करार रद्दबातल ठरला. खाडीतला गाळ उपसून भर घातली, मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये काढली. खाडी निवळली, माणसं नाही. पोटातूनच विष घेऊन आलेली ती मुलं आता साठीच्या पुढं आहेत, आणि नुकसानभरपाईचे काही दावे अजून चालूच आहेत.

पाऱ्याचा वापर कमी करायच्या जागतिक कराराला २०१३ मध्ये याच गावाचं नाव दिलं. भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं दवाखान्यांतून जाऊ लागलीत, ती त्याच वाटेनं.

हे ऐकून कुणी मासळी सोडू नका. गरोदर बाईला ती चांगलीच. सुकट, जवळा, मांदेली, तारली, बांगडा ही लहान मासळी बिनघोर द्या. मोरी मात्र, म्हणजे शार्क, आणि मोठे शिकारी मासे गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना टाळा. घरी सून किंवा लेक गरोदर असेल, तर बाजाराला जाणाऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा.