एका यकृतांत दोन बिऱ्हाडें

कावीळ हा कांहीं नवा रोग नव्हे. चरकसंहितेंत तो ‘कामला’ या नांवानें आला आहे, आणि महाराष्ट्रांत काविळीची माळ गळ्यांत घालण्याची चाल पुष्कळ घरांतून होती. परंतु या एकाच पिवळेपणामागें निरनिराळे विषाणु दडलेले असतात, हें उलगडण्यास विसावें शतक बरेंचसें सरावें लागलें.

१९६५ सालीं बारुक ब्लुंबर्ग यांनीं ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासीच्या रक्तांत आढळलेल्या अपरिचित द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. तो हेपॅटायटिस-बी विषाणूचा माग ठरला. ‘ए’ विषाणु १९७३ मध्यें दृष्टीस पडला. कोडें सुटलें असें वाटत असतांच १९७५ मध्यें हार्वे ऑल्टर प्रभृतींनीं दाखविलें कीं, रक्त चढविल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ ‘ए’चीहि नाहीं आणि ‘बी’चीहि नाहीं. पुढें चौदा वर्षें तिला ‘ए-नव्हे, बी-नव्हे’ असेंच म्हणत. नांव कसलें, अज्ञानाची ती प्रामाणिक कबुलीच! १९८९ मध्यें मायकेल हाउटन व त्यांचे सहकारी यांनीं विषाणु डोळ्यांनीं न पाहतांच त्याच्या जनुकद्रव्याचा तुकडा हस्तगत केला आणि ‘सी’ विषाणूस नांव मिळालें.

तोंपर्यंत व्हावयाचा अनर्थ होऊन गेला होता. जन्मतःच ज्यांचें रक्त गोठत नाहीं, अशा रुग्णांना हजारों दात्यांच्या रक्तद्रवापासून काढलेलें औषध टोंचीत असत. एका दूषित दात्यानें सारा सांठा विषारी होई. या रुग्णांपैकीं अनेकांच्या देहांत ‘सी’बरोबर एच्.आय्.व्ही.हि शिरला. जगविण्यासाठीं दिलेल्या औषधानेंच हें व्हावें, याहून क्रूर थट्टा ती कोणती? १९९६ नंतर संयुक्त औषधांनीं एड्सचे रुग्ण जगूं लागले. तेव्हां मागें राहिलेला ‘सी’ यकृत पोखरीत असल्याचें ध्यानांत आलें. प्रतिकारशक्ति क्षीण असली कीं, त्याचें काम अधिक वेगानें चालतें.

‘बी’ आणि ‘सी’ एकत्र नांदूं लागले म्हणजे मात्र निराळाच प्रकार घडतो. बहुधा ‘सी’ वरचढ होतो व ‘बी’ दबून राहतो. दबतो, मरत नाहीं. यकृतपेशींच्या केंद्रांत आपल्या जनुकद्रव्याचें लहानसें कडें ठेवून तो वर्षानुवर्षें निजून असतो. ‘सी’ला असें कायमचें घर नाहीं; म्हणूनच तो औषधानें समूळ जातो. २०१३ च्या अखेरीस निघालेल्या सोफोसबुविरनें व त्याच्या जोडीच्या गोळ्यांनीं, पूर्वींच्या इंटरफेरॉनच्या सुयांचा छळ न सोसतां, बहुतेक रुग्ण दोन-तीन महिन्यांत बरे होऊं लागले.

परंतु दांडगा बिऱ्हाडकरू निघून जातांच निजलेला जागा झाला. ऑक्टोबर १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑक्टोबर २०१६ मध्यें, अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें असे २४ रुग्ण नमूद करून या सर्व औषधांवर ठळक इशारा छापविला. त्यांपैकीं दोघे दगावले आणि एकास दुसऱ्याचें यकृत बसवावें लागलें. ‘सी’च्या उपचाराची पहिली गोळी देण्यापूर्वीं ‘बी’साठीं रक्त तपासावें, असा दंडक तेव्हांपासून कडक झाला. ‘बी’वर लस आहे, ‘सी’वर ती अद्याप निघालेली नाहीं.